दिगंबर, भाता माझ्याकडे आहे

दिगंबर,

चौकात तुझा फ्लेक्स लागला आहे. फोटो तुझ्या मेघाच्या लग्नातला घेतलाय, फेटा बांधलेला. फेट्याखाली तू असा हसतोयस की येणारा-जाणारा आधी तुझ्याकडे पाहतो आणि मग 'भावपूर्ण श्रद्धांजली' वाचतो. खाली शोकाकुल मंडळींची नावं आहेत. माझं नाव एका बियाणे विक्रेत्याच्या खाली आणि एका मंगल कार्यालयाच्या वर आलं आहे. हल्ली मी भाजीला दुसऱ्या रस्त्याने जातो. लोकांना वाटतं, मास्तरांना तो फोटो बघवत नाही. लोकांचं बरोबर आहे, फक्त कारण वेगळं आहे. मेल्यावरसुद्धा तू माझ्यापेक्षा चांगला दिसतोस.

मरणही तुला तुझ्या नशिबाला शोभेल असंच मिळालं. दुपारचं जेवण, झोपाळा, डोळ्यांवर रुमाल. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा झोपाळा थोडा हलत होता आणि तू नव्हतास. नळ्या नाहीत, अकोल्याच्या चकरा नाहीत, उशाशी नातेवाइकांच्या पाळ्या नाहीत. माझ्याकडे गोळ्यांचा डबा आहे, त्याला सकाळ, दुपार, संध्याकाळ असे कप्पे आहेत. तुझ्या घरात रक्तदाबाची गोळीसुद्धा सापडली नाही. आयुष्यभर गाईम्हशींचे आजार बघितलेल्या माणसाला स्वतःला एक धड आजार होऊ नये, याला काय म्हणावं?

आणि ती गर्दी. धामणगाव बढेच्या दवाखान्यातून तुझी बदली होऊन किती काळ लोटला, तरी तिकडचे लोक जीप करून आले. एक म्हातारे शेतकरी तर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. तू त्यांची अडलेली गाय सोडवली होतीस म्हणे, भर पोळ्याच्या दिवशी. मी त्यांची पाठ थोपटत होतो आणि मनात हिशेब चालू होता: मी एवढी वर्षं मुलांना मराठी शिकवलं, माझ्या वेळी व्याकरण आठवून कोण रडणार आहे?

हे असं लिहिणं बरं दिसत नाही, मला कळतं. पण तुझ्याबद्दल गोड लिहिणारे बरेच आहेत. त्यांचे लेख आलेसुद्धा. एकाने तुला 'विदर्भाच्या सांगीतिक क्षितिजावरचा तारा' म्हटलंय. तू ते वाचून खूश झाला असतास, हे त्यातलं सगळ्यांत वाईट. तुला असलं काही आवडायचं. शाल, श्रीफळ, व्यासपीठ, सूत्रसंचालकाने तीनदा घेतलेलं नाव. मी पहिल्या रांगेत बसून तोंड वाकडं करायचो आणि तू वरून माझ्या वाकड्या तोंडाकडे बघून आणखी हसायचास.

सुरुवात बुवांच्या पेटीपासून झाली. बुवांकडे एकच पेटी होती आणि त्या देवळाच्या ओट्यावर शिकायला आपण दोघं. डाव्या हाताने मागचा भाता द्यायचा, हवा भरायची; उजव्या हाताने पट्ट्या दाबायच्या. लहान हातांना दोन्ही एकदम जमत नाही म्हणून बुवांनी काम वाटून दिलं. एकाने मागे बसून भाता द्यायचा, दुसऱ्याने पुढे बसून बोटं चालवायची, आणि नंतर अदलाबदल. पहिली पाळी तुझी आली. तू वाजवायला लागलास आणि अदलाबदल करायचं बुवा विसरले. मग तूही विसरलास. मीच एकटा लक्षात ठेवून होतो.

एकदा हट्टच धरला तेव्हा त्यांनी मला पुढे बसवलं. मी वाजवलं. एकही स्वर चुकला नाही. बुवा उठले, पानाची पिंक टाकून आले आणि म्हणाले, "पुंडलिक, तू हवा लई चांगली देतो बे."

नंतरच्या आयुष्यात मी समीक्षेची पुष्कळ पुस्तकं वाचली. इतकं थोडक्यात आणि इतकं पुरेपूर परीक्षण माझ्या वाचनात पुन्हा आलं नाही.

त्यानंतर मी पेटीला हात लावला नाही. संगीतावरची पुस्तकं मात्र मिळतील तेवढी वाचली. कोणता राग कोणत्या थाटातला, कोणत्या घराण्याने कोणता स्वर कसा लावला, मला विचारा. तू त्यातलं एक पानही उलटलं नाहीस. दिवसभर जनावराच्या पोटात कोपरापर्यंत हात घालायचास, संध्याकाळी तेच हात साबणाने धुऊन पेटीवर ठेवायचास, आणि मला पुस्तकात ज्याच्यासाठी अख्खं प्रकरण वाचावं लागायचं ते तुझ्या करंगळीतून सहज निघून जायचं. तुला ते कळायचंही नाही. मीच सांगायचो, "दिगंबर, तू आत्ता हे केलंस." तू म्हणायचास, "असं का? बरं झालं मंग."

असो. मला सांगायचं आहे ते त्या मुक्या म्हशीबद्दल.

तुझा डावा खांदा धरला आणि भाता देणं जड जायला लागलं, तेव्हा मेघाने पुण्याहून पार्सल पाठवलं. फोनवर तिने तुला एवढंच सांगितलं होतं की बाबा, यात भाता मारावा लागत नाही. दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला, "मास्तर, ये बरं लवकर. पोरीनं मुकी म्हैस पाठवली."

मी आलो तर दिवाणावर ती काळी पट्ट्यांची फळी ठेवलेली. लहान लहान दिवे लागलेले. तिची वायर तू मोबाइलच्या चार्जरला लावून दिली होतीस आणि पट्ट्या दाबून दाबून घामाघूम झाला होतास.

"दिवा लागते, पन आवाज काऊन नाही येत बे?"

आपण ती उलटी करून पाहिली. जाळी नाही, कर्णा नाही, आवाज वाढवायचं बटण नाही. तू चार्जर बदललास. मग बॅगेतून स्टेथोस्कोप काढलास, जनावरांचा, तो लांब नळीचा, आणि गंभीरपणे त्या फळीच्या पोटाला लावून ऐकायला लागलास. वहिनी दारात पदराने तोंड झाकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "आता एक इंजेक्शन बी देऊन टाका तिले."

"जिवंत हाये," तू म्हणालास. "पन हंबरून नाही राह्यली."

खोक्याच्या तळाशी घडी घातलेलं माहितीपत्रक होतं, मुंगीच्या अक्षरातलं. मी ते वाचलं. त्या वस्तूचं नाव मिडी कंट्रोलर. "दिगंबर," मी म्हणालो, "हिला आवाज नसतोच."

"मंग काय असते?"

"हिला फक्त माहिती असते. कोणती पट्टी दाबली, कधी दाबली, किती जोराने दाबली. ती माहिती ही कम्प्युटरला कळवते. आवाज कम्प्युटर काढतो."

तू क्षणभर माझ्याकडे पाहिलंस. "म्हंजे ही तुह्यासारखीच झाली की. माहिती सारी, आवाज नाही."

वहिनी हसल्या. मीही हसलो. तो विनोद मला अजून पचलेला नाही.

पण पुढचे दिवस माझे होते, दिगंबर, आणि ते तू माझ्याकडून काढून घेऊ शकत नाहीस. तुला त्या यंत्रातलं काही कळत नव्हतं आणि मला वाचता येत होतं. रोज चहानंतर मी यायचो. मेघाचा जुना लॅपटॉप झटकून घेतला. त्यात संगीताचं सॉफ्टवेअर उतरवलं. फळीची वायर चार्जरमधून काढून लॅपटॉपला लावली. तरी शुकशुकाट. मग कळलं की नुसती वायर लावून भागत नाही. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याला सांगावं लागतं की बाबा, ही फळी आपली आहे, हिचं ऐक. मी तिच्या नावासमोर खूण केली. मग एक ट्रॅक उघडला. ट्रॅक म्हणजे एका वाद्याची एक ओळ. त्या ओळीवर पेटीचा आवाज बसवला, शेजारचं लाल बटण चालू केलं आणि तुला म्हटलं, "दाब."

तू दाबलंस. काही नाही. तू हात उचललास. मग आवाज आला.

"हे बरं हाये," तू म्हणालास. "आज अर्ज द्या, परवा या."

ही उशीर होण्याची भानगड फार छळून गेली. माहिती जाते, कम्प्युटर ती साठवतो, मग सावकाश आवाज देतो. त्याला किती साठवू द्यायचं याचा एक आकडा असतो. तो मोठा ठेवला की आवाज उशिरा येतो, फार लहान केला की कढईत मोहरी टाकल्यासारखा तडतडतो. मी आकडा खाली-वर करत होतो आणि तू डोळे मिटून सांगत होतास, "अजून मागं हाये... अजून... हां, आता तडकली... थोडं वर घे... बस." मी आकडा वाचत होतो, तू ऐकत होतास. असा शेजार आपल्याला बुवांनंतर पहिल्यांदाच मिळाला होता.

आवाज वेळेवर यायला लागला. तू 'काळी दोन' धरून एक छोटी चाल वाजवलीस, थांबलास, आणि म्हणालास, "नाही."

"काय नाही?"

"हे श्वास नाही घेऊन राह्यलं. सलाईनवर ठेवल्यासारखं वाटते."

मी पाहत होतो. तुझा उजवा हात पट्ट्यांवर होता आणि डावा फळीच्या मागे, हवेत, नसलेला भाता शोधत होता. उघड-मीट, उघड-मीट. खांदा दुखत होता म्हणून तर ही फळी आली होती, आणि तो हात काही ऐकत नव्हता.

त्या फळीच्या डाव्या टोकाला एक चाक आहे, अंगठ्याएवढं. वर ढकललं की वर राहतं, खाली ओढलं की खाली राहतं. ते कशासाठी असतं ते मी वाचलं, आणि सॉफ्टवेअरला आपल्या मनासारखं शिकवताही येतं, हेही वाचलं. पेटीचा आवाज कमी-जास्त करायची कळ पडद्यावर असते. तिच्यावर बाण नेऊन 'शीक' म्हणायचं आणि चाक एकदा फिरवायचं. झालं. त्यानंतर चाक वर तर आवाज भरतो, चाक खाली तर आवाज मिटतो. अगदी तळाशी नेलं की तू कितीही पट्ट्या दाब, शांतता.

तुझा डावा हात धरून मी त्या चाकावर ठेवला. तू दोन बोटांनी ते हळू वर नेलंस, सोडलंस, पुन्हा नेलंस. खांदा हललाही नाही. आणि पेटी बोलली. श्वास घेऊन बोलली. वहिनी स्वयंपाकघरातून हातातलं लाटणं तसंच घेऊन बाहेर आल्या.

ती माझी आयुष्यातली एकमेव रचना आहे. तिला ना राग, ना ताल. तिच्यावर कोणी परीक्षण लिहिलं नाही.

लिहितील कसे? चारच महिन्यांनी नगरपालिकेच्या सभागृहात तुझा सत्कार झाला, 'या वयात डिजिटल झालेले डॉक्टर' म्हणून. मंडळाचे अध्यक्ष बोलले. अध्यक्ष म्हणजे आपले नेहमीचेच, ज्यांना हार घातल्याशिवाय माईक सुरू होत नाही. त्यांनी तुला 'परंपरा आणि तंत्रज्ञान यांचा संगम' म्हटलं. तू उठलास, शाल सावरलीस, मोठ्या मनाने माझ्याकडे हात केलास आणि म्हणालास, "हे आमचे मास्तर. वायरी तेच पाहतात."

टाळ्या पडल्या. मी हातातली वायर थोडी वर केली.

त्या रात्री मी जेवलो नाही. सकाळी तुला सांगायचं ठरवलं होतं की वायर आणि भाता यांत फरक असतो. सांगितलं नाही. तू दारातच विचारलंस, "मास्तर, काल माहं भाषण कसं झालं?" मी म्हटलं, "लांबलं." आपला हा विषय तेवढ्यावर राहिला तो राहिलाच.

तुझी एक सवय मला तेव्हा गमतीची वाटायची. वाजवलेलं सगळं सॉफ्टवेअर साठवून ठेवायचं. मग तू पाठ टेकून स्वतःचंच वाजवलेलं ऐकायचास, आणि ऐकतानाही तुझा डावा हात चाकावर असायचा. वर, खाली, वर, खाली.

"अरे, आता मशीन वाजवतंय," मी म्हणायचो. "तू काऊन भाता मारून राह्यला?"

"सवय हाये मास्तर. हात काढला की वाटते, सूर पडन."

ऐकून झालं की चाक तळाशी. पेटी वाजवून झाल्यावर भाता मिटून, कडी लावून, कापड टाकून ठेवायचं ही बुवांची शिस्त. फळीला कडी नव्हती म्हणून तू चाक खाली ओढायचास आणि वर सत्काराची शाल पांघरायचास. शालीचा एवढा योग्य उपयोग मी दुसरा पाहिला नाही, आणि तसं तुला म्हणालोही होतो.

शेवटची चाल तू उन्हाळ्यात सुरू केलीस. शब्द नव्हते. भजन नव्हतं, गाणं नव्हतं. ती हळूहळू एका जागी यायची आणि तिथून जायचं मनात नसल्यासारखी घुटमळायची. मी म्हटलं, यात पिलू आहे. तू म्हणालास, असन. मी म्हटलं, असेल नाही, आहे, आणि मध्येच तू जो स्वर घेतोस तो पिलूत असा येत नाही. तू म्हणालास, "नाव ठेवलं म्हंजे जास्त चांगलं वाजते का बे?" मी म्हटलं, नाव ठेवल्याशिवाय आपण कशाबद्दल बोलतोय ते कसं कळणार? तू म्हणालास, "मंग नको बोलू न. ऐक."

मी चिडून निघून आलो. चार दिवस गेलो नाही. पाचव्या दिवशी जायचं ठरवलं होतं. आदल्या दुपारी वहिनी चहा घेऊन झोपाळ्यापाशी आल्या.

दहावा झाल्यावर वहिनींनी मला थांबवून घेतलं. मेघा पुण्याहून आलेली होतीच. शेगावला गाडीतून उतरून आली तेव्हापासून तिचा चेहरा कोरडाच होता. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ते लावून द्या न. ते शेवटचं. मले एकदा ऐकाचं हाये."

"हो," मी म्हणालो. "आत्ता लावतो."

शाल काढली. लॅपटॉप उघडला. वायर लावली. तुझी चाल उघडली आणि सुरू केली.

पडद्यावर तुझे स्वर सरकायला लागले. लहान लहान हिरव्या पट्ट्या, कुठे लांब, कुठे तुटक, रांगेने. आवाज नाही. मी लॅपटॉपचा आवाज वाढवला. आवाज नाही. सेटिंगमध्ये गेलो, फळीच्या नावासमोरची खूण पाहिली, होती. पेटी जागेवर होती. वायर काढून पुन्हा लावली. पुन्हा सुरू केलं. तुझे स्वर पुन्हा एकदा मुकाट्याने इकडून तिकडे गेले.

वहिनी पडद्याकडे बघत होत्या. त्यांना त्या हिरव्या पट्ट्यांचा अर्थ कळत नव्हता. म्हणाल्या, "हे बी गेलं का?"

दिगंबर, त्या वाक्यानंतर मी जे काही बटण दिसेल ते दाबत होतो. आयुष्यभर वाचलेलं त्या पाच-दहा मिनिटांत काही कामाला आलं नाही. शेवटी नजर पडद्यावरच्या कळीवर गेली, आवाजाच्या. ती तळाला होती. तू नेहमीप्रमाणे भाता मिटून, शाल टाकून गेला होतास.

आणि मग मला सगळं कळलं. आपण फक्त पट्ट्या साठवत आलो होतो. चाक साठवलंच जात नव्हतं. त्यासाठी वेगळं बटण असतं, ते चालू करायचं मला सुचलं नाही आणि तुला ठाऊक नव्हतं. इतके दिवस लक्षात कसं आलं नाही? कारण तू ऐकतानाही भाता देत होतास. यंत्राकडे तुझा उजवा हात होता. डावा तू दर वेळी नव्याने आणत होतास, आणि या वेळी तो घेऊन गेलास.

मी चाकावर हात ठेवला आणि वर ढकललं.

तू आलास. मध्येच, चालीच्या अर्ध्यातून, जिथे ती घुटमळते तिथे. मेघाने तोंडावर हात ठेवला.

चाक वर ढकलून सोडून दिलं असतं तरी चाललं असतं. ते वर ढकललं की वर राहतं, हे मी तुला आधीच सांगितलंय. सलाईनसारखं सपाट, पण वाजलं असतं. मी सोडलं नाही. सुरुवातीपासून पुन्हा लावलं आणि हवा द्यायला लागलो. पहिल्या ओळीत चुकलो. मग बोट उचलायच्या आधी तू किंचित दम घेतोस ते आठवलं, लांब स्वराला आधी कमी आणि मग भरून हवा लागते ते आठवलं. माझ्या डोक्याला नाही, हाताला आठवलं. त्या देवळाच्या ओट्यावर तुझ्या मागे बसून मी दुसरं काय केलं होतं? त्या न पटणाऱ्या स्वराशी आलो तेव्हा माझ्याही नकळत मी हवा वाढवली. तो तिथे तसाच हवा होता. पिलूत असो नसो. बस्स, एवढंच कबूल करतो. नाव मात्र मी मनातल्या मनात पिलूच ठेवलं आहे.

चाल संपली. मी चाक खाली ओढलं. वहिनींनी मान हलवली. मग म्हणाल्या, "हां. असंच. असंच वाजवत ते." आणि जरा थांबून, "पुन्यांदा लावा न भाऊजी."

बातमी फुटायला या गावात किती वेळ लागतो? संध्याकाळी अध्यक्ष आले. खुर्चीत बसायच्या आधी दोन मिनिटं उभे राहून मौन पाळलं, स्वतःच जाहीर करून. मग म्हणाले, "मास्तर, डॉक्टरसाहेबांचं शेवटचं संगीत सापडलं म्हणे. श्रद्धांजली सभेत लावू. पेन ड्राइव्हमध्ये देऊन टाका, बाकी आपला साउंडवाला पाहून घेईन. मागून जराशी बासरी, जरासा ढोल. नाव काय द्याचं? 'स्वरांजली' कसं वाटते?"

"ते असं देता येत नाही," मी म्हणालो.

"काऊन?"

"ते आपोआप वाजत नाही. माणूस लागतो."

"कोनता मानूस?"

"हवा देणारा."

अध्यक्षांनी विचार केला. ते विचार करताना अंगठ्या फिरवतात. "मंग तुमी बसा न स्टेजवर! लॅपटॉप घेऊन. वरून लाइट मारू. तुमचा बी सत्कार करून टाकू त्याच्यात."

हे ऐक, दिगंबर. व्यासपीठ, दिवे, शाल. पुढे मी, आणि तू फक्त आवाज. बुवांनी विसरलेली पाळी इतक्या उशिरा अशी समोर आली. मी 'नाही' म्हणालो. तुला वाटेल, मोठेपणा केला. मोठेपणा नाही. त्या सभागृहातल्या सगळ्यांना तुला वाटून द्यायची माझी तयारी नव्हती. त्यांच्याकडे फ्लेक्स आहे.

अध्यक्ष गेल्यावर मेघा माझ्याजवळ बसली. ती हुशार आहे, तुझ्यावर गेली नाही. "काका," ती म्हणाली, "तुम्ही हवा देता तेही त्यातच साठवता येत असेल ना? एकदा साठवलं की कायमचं. मला पुण्याला ऐकता येईल. आईलाही तुमची वाट बघावी लागणार नाही."

"नाही येत साठवता," मी म्हणालो.

येतं. एक बटण आहे. ते लावायचं, चाल सुरू करायची, एकदा नीट हवा द्यायची, झालं. ते बटण कुठे आहे ते मी त्याच दिवशी पाहून ठेवलं होतं.

ती पुण्याला गेली. मी रोज चहानंतर तुझ्या घरी जातो. वहिनी खुर्ची आधीच मांडून ठेवतात. शाल काढतो, घडी करतो, वायर लावतो. तू वाजवतोस, मी हवा देतो. वहिनी निवडायला काहीतरी घेऊन बसतात आणि निवडत नाहीत. शेजारचे लोक कधी कधी फाटकापाशी थांबतात. त्यांना वाटतं, मास्तर वाजवायला शिकले. मी त्यांना दुरुस्त करत नाही. एवढं तुझ्याकडून मला येणं होतं.

आता हे पत्र पेपरात छापून येईल. मेघा वाचेल, आणि फोन करेल, आणि मला ते बटण दाबावं लागेल. तिचा हक्क माझ्याआधी आहे, हे मला न सांगताही कळतं. एकदा ते झालं की आपले दोन्ही हात एकाच ठिकाणी साठतील, तू कुठे संपतोस आणि मी कुठे सुरू होतो ते कोणालाच कळणार नाही, आणि लोक म्हणतील, डॉक्टरांनी काय वाजवलंय! म्हणू देत. सवय आहे.

पण फोन यायला अजून अवकाश आहे, आणि आज संध्याकाळी मी जाणार आहे. तू हवा तेवढा पुढे बस, दिगंबर. मी हात काढला की तू गप्प होतोस, हे मला आता पक्कं माहीत झालं आहे. जन्मभर मला याहून जास्त काही नको होतं. आणि आता तो हात माझ्याच्याने काढवत नाही.